दुसऱ्याच्या हाताचा दांडा

स्वयंपाकघरात ओटा बांधायचा ठरला की गवंडी घरातल्या कर्त्या बाईला उभे करतो आणि तिच्या कोपराच्या अंदाजाने उंची धरतो. पुढे सून येते. ती सासूपेक्षा वीतभर उंच असते आणि जन्मभर वाकून पोळ्या लाटते. तिची पाठ दुखते हे घरात सर्वांना ठाऊक असते. औषधे होतात, शेक होतात, मालिश होते. ओट्याची उंची मोजावी असे मात्र कुणाच्याच मनात येत नाही. ओटा पूर्वीपासूनच तिथे आहे ना!

दिवाळीच्या या सदरासाठी यंदा मी घेतलेला विषय वरवर पाहता फार दूरचा आहे. अमेरिकेतल्या एका जुन्या मोटारीच्या गिअरच्या दांड्याची ही हकिगत. पण त्या दांड्यापायी एक सत्तरी ओलांडलेले जोडपे एका गाडीत शेजारी बसेनासे झाले होते, आणि गाडी विकायची की ठेवायची यावर त्या घरात जेवणाच्या टेबलावर अबोला धरला जात होता. तेव्हा वाचकांनी थोडे लोखंड सहन करावे.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी माझी लेक राहते. तिच्या शेजारचे गृहस्थ मला आमच्या जुन्या वाड्यातल्या अण्णांसारखे वाटतात. तशीच ठेंगणी मूर्ती, तसाच कानात पेन्सिल खोवण्याचा स्वभाव. म्हणून मनातल्या मनात मी त्यांना अण्णाच म्हणतो, आणि इथेही तेच नाव ठेवतो. मी आयुष्य टूलरूममध्ये काढले हे लेकीकडून कळताच अण्णांनी एका सकाळी कुंपणावरून हाक मारली आणि गॅरेजचे दार वर केले. आत उभी होती १९३१ ची मॉडेल ए फोर्ड. छप्पर नाही, बॉनेटच्या बाजूचे पत्रे नाहीत, रंग काळा, आणि चार सिलिंडरच्या जागी आठ सिलिंडरचे इंजिन. हिलाच तिकडे हॉट रॉड म्हणतात.

हॉट रॉड म्हणजे श्रीमंतांचा शौक नव्हे. निदान आरंभी तरी नव्हता. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरे भंगारातून जुनी फोर्ड उचलायची, तिचे मडगार्ड, छप्पर, काचा असे जे जे काढता येईल ते काढून तिला हलकी करायची, इंजिनाशी चार खटपटी करायची आणि मुरॉकच्या वाळक्या तळ्यात नेऊन सुसाट सोडायची. तळे कसले, मैलोगणती सपाट, कडक माती. त्याच जागी पुढे एडवर्ड्स हा हवाई तळ झाला. या पोरांच्या मंडळांनी १९३७ साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली, वेळा मोजायची शिस्त लावली. युद्धावरून परतलेल्या जवानांच्या हातात यंत्रांचे ज्ञानही होते आणि थोडा पैसाही. त्यांनी हा नाद देशभर नेला. १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' नावाचे मासिकच निघाले. फोर्डच का, याचे उत्तर सोपे आहे. एकट्या मॉडेल ए च्या ४८ लाखांहून अधिक गाड्या निघाल्या होत्या. गल्लोगल्ली पडलेल्या. आणि १९३२ साली फोर्डने स्वस्त गाडीत आठ सिलिंडरचे ६५ अश्वशक्तीचे इंजिन घातले, तेव्हा तर पोरांचे फावलेच.

गिअरच्या दांड्याचाही एक इतिहास आहे. मॉडेल ए चा दांडा जमिनीतून सरळ वर येतो. १९४० च्या फोर्डमध्ये तो स्टिअरिंगच्या दांडीवर गेला. पुढच्या सलग बाकावर तिसरा माणूस पाय मोकळे ठेवून बसू शकावा हा त्यातला हेतू. मुंबईकरांना ही व्यवस्था सांगायला नको. प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सीत ड्रायव्हरशेजारी बसून स्टिअरिंगखालच्या त्या दांड्याची करामत पाहण्यात आमच्या दोन पिढ्यांचे बालपण गेले. ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली. हॉट रॉडवाल्यांना मात्र स्टिअरिंगवरचा दांडा कधी रुचला नाही. तिथून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे. सांधे झिजले की दांडा ढिला पडतो आणि घाईत भलताच गिअर पडतो. म्हणून १९३९ ची जमिनीतल्या दांड्याची गिअरबॉक्स शोधत ही मंडळी भंगारवाल्यांकडे हिंडायची.

अण्णांची गाडी मुळात त्यांच्या थोरल्या भावाची. बंधूंनी ती १९९० च्या दशकात स्वतःच्या हाताने उभी केली. अपघातात चेपलेल्या एका मस्टँगमधून इंजिन घेतले, तिचीच टी-५ नावाची पाच गिअरची गिअरबॉक्स घेतली. दांडा मात्र स्वतः घडवला: अर्ध्या इंचाची गोल सळई तापवून, खाली दोन बोल्टांची पट्टी जोडून, वर पितळेची स्वतः कातलेली मूठ. बंधू सहा वर्षांपूर्वी वारले. गाडी धाकट्याकडे आली.

पहिल्या वर्षापासूनच अण्णांना गाडी नीट चालवता येईना. दुसरा आणि चौथा गिअर टाकायला दांडा मागे ओढावा लागतो. तिकडे गाडीचे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे दांडा उजव्या हाताला. मागे ओढताना अण्णांचे कोपर पाठीमागे जायचे आणि उजवा खांदा कळवळून उठायचा. त्याहून वाईट म्हणजे, डोंगरउतारावर दुसरा गिअर टाकून इंजिनाच्या आधाराने उतरताना गिअर आपोआप निसटायचा. उतारावर गाडी एकदम मोकळी सुटणे म्हणजे काय, हे ज्यांनी घाटात अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

एका वर्कशॉपवाल्याने सांगितले की गिअरबॉक्स झिजली आहे, उतरवून सगळी नवी करावी लागेल. दुसऱ्याने सल्ला दिला, या वयात ऑटोमॅटिक घाला. जावई हौशी, त्याने एका रविवारी दांडा खोलून उलटा फिरवून बसवला, म्हणजे मागे झुकलेला दांडा आता पुढे झुकला. अण्णांचा खांदा सुखावला. पण त्या दिवसापासून अण्णांच्या बाईंनी गाडीत बसणे सोडले. कारण विचारले तर त्या फक्त आपला डावा गुडघा दाखवायच्या. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, दर गिअरला पितळेची मूठ त्या गुडघ्यावर. जावयाने पुन्हा दांडा होता तसा केला. बाई तरी बसेनात.

"विकून टाका म्हणते ती," अण्णा म्हणाले. "म्हणते, भावाची आठवण म्हणून ठेवायची असेल तर भिंतीवर फोटो लावा."

मी गाडीत बसलो, मग अण्णांना बसवले आणि दुसरा गिअर टाकायला सांगितले. डोळ्यांनी पाहण्यापेक्षा कानाने अधिक कळते. गिअर पडल्याचा जो एक भरीव 'खट' असा आवाज येतो तो येतच नव्हता. दांडा मागे येऊन बैठकीच्या गादीत रुतायचा, गादी दबायची, आणि आतली लाकडी फळी त्याला अडवायची. गिअरबॉक्सच्या आत एक दातेरी कडे सरकून गिअरच्या दातांवर पूर्ण चढावे लागते. ते अर्धवट चढले तर सपाट रस्त्यावर टिकते, पण उतारावर ताण उलट्या बाजूने आला की खाली घसरते. गिअरबॉक्स झिजलेली नव्हती. तिला पुरते मिटूच दिले जात नव्हते.

मग मी चटई वर केली. बैठकीच्या बोल्टांच्या मागे, बरोबर तीन इंचांवर, जमिनीच्या पत्र्यात चार जुनी भोके होती.

"ही कशाची?" मी विचारले.

"दादाची बैठक तिथे होती. तो सव्वासहा फूट. माझे पाय क्लचपर्यंत पोहोचेनात, म्हणून मी गादीवाल्याकडून बैठक पुढे घेतली."

आता हिशेब लागला. बंधूंच्या काळी दांड्याचा टेकू बैठकीच्या कडेपासून सात इंच पुढे होता. दांडा टेकूपासून तीन इंच मागे झुकलेला, म्हणजे न्यूट्रलमध्ये मूठ कडेच्या चार इंच पुढे. मुठीला पुढे तीन आणि मागे तीन इंच फिरायला लागतात. दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा एक इंच शिल्लक राहायचा. शिवाय त्या लांब हाताच्या माणसाला मूठ जवळ हवी होती. दांड्यात चूक काही नव्हती. तो बेतून शिवलेल्या कोटासारखा होता. बैठक तीन इंच पुढे आली आणि तोच दांडा दुसऱ्या गिअरमध्ये गादीच्या दोन इंच आत जाऊ लागला.

जावयाचा प्रयोग का फसला हेही इथेच कळते, आणि मला तर या प्रकरणातला हा भाग सर्वांत गोड वाटला. बंधूंनी दांड्याला दोन बाक दिले होते: एक मागे, आणि दुसरा दोन इंच डावीकडे, चालवणाऱ्याच्या बाजूला. बाजूला बसणाऱ्याच्या गुडघ्याचा विचार त्यांनी आधीच केला होता. दांडा उलटा फिरवला की मागचा बाक पुढे येतो हे खरे, पण डावीकडचा बाक त्याच वेळी उजवीकडे जातो. अण्णांना हवा होता पुढे झुकणारा आणि तरी डावीकडेच राहणारा दांडा. म्हणजे भावाच्या दांड्याचे आरशातले रूप. उजव्या पायाची चप्पल कितीही फिरवली तरी डाव्या पायाची होत नाही.

उपाय तीन होते. एक, गिअरबॉक्सचे मागचे घर बदलणे. शेव्हरोलेच्या एस-१० नावाच्या छोट्या मालमोटारीत हीच टी-५ असते, पण तिचा दांडा मस्टँगपेक्षा बराच पुढे निघतो. म्हणून हॉट रॉडवाले तिच्या मागे असतात. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावी लागते, आतलेही काही भाग बदलावे लागतात. खर्च आणि कंबर दोन्ही मोडणार. दुसरा उपाय बाजारात तयार मिळणाऱ्या खूप वाकड्या दांड्याचा. तिसरा, बंधूंचा दांडा तापवून वाकवायचा.

"त्याला हात लावायचा नाही," अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण पुढे बोलायची सोय ठेवली नव्हती.

मी म्हटले, नका लावू. नवा करू. लोखंडाची सळई काही दुर्मीळ नाही.

तयार दांड्याची गोष्ट मात्र जावयाच्या मनातून जाईना, म्हणून कपाटातल्या तारेच्या हँगरांची जाड तार दुहेरी पिळून आम्ही त्याची नक्कल केली: सात इंच पुढे आणि सातच इंच वर. गिअरचा दांडा ही एक तरफ आहे. मूठ टेकूभोवती वर्तुळात फिरते, सरळ रेषेत नाही. मूठ टेकूच्या बरोबर वर असेल तर ती पुढेमागे जाते. ती जितकी पुढे काढाल तितकी मागे ओढताना वर चढते आणि पुढे ढकलताना खाली बुडते. सात आणि सात म्हणजे जेवढी मागे तेवढीच वर. अण्णांनी तारेचा दांडा हलवून पाहिला आणि हसले. शेतावरचा हातपंप ओढल्यासारखे होत होते, आणि पहिल्या गिअरमध्ये बोटे डॅशबोर्डच्या कडेला टेकत होती.

दांडा आखूड करावा असाही एक विचार निघाला. मूठ कमी अंतर फिरेल, जागेचा प्रश्न मिटेल. पण अडकित्त्याने सुपारी फोडणाऱ्याला यातली मेख ठाऊक असते. हात बिजागरीच्या जवळ धरला की जोर जास्त लागतो. अकरा इंचांचा दांडा नऊ इंचांवर आणला तर मुठीची सहा इंचांची फेरी पाच इंचांच्या आत येते, पण हाताला एक-पंचमांशाहून जास्त जोर वाढतो. दुखऱ्या खांद्याला हा सौदा परवडणारा नव्हता.

तेव्हा आम्ही गाडी मोजायचे सोडून अण्णांना मोजायला घेतले. नेहमीचे बूट घालून, पट्टा लावून ते दहा मिनिटे बसून राहिले, कारण गादी हळूहळू खाली बसते आणि उठल्याबसल्या घेतलेले माप खोटे ठरते. मग क्लच दाबायचा, डोळे मिटायचे आणि उजवा हात सैल सोडून जिथे मूठ असावी असे वाटेल तिथे मूठ आवळायची. तीन वेळा केले. तिन्ही मापांत अर्ध्या इंचाचाही फरक नव्हता: बैठकीच्या कडेपासून सात इंच पुढे, टेकूपासून साडेदहा इंच वर, मध्यरेषेच्या दोन इंच डावीकडे. टेकू आता कडेच्या चार इंच पुढे, तेव्हा बाक तीनच इंचांचा. डॅशबोर्ड कडेपासून पंधरा इंचांवर. पुढे ढकललेली मूठ दहाव्या इंचावर थांबते, आवळलेल्या हाताची अर्धी जाडी वजा केली तरी बोटांना तीन इंच मोकळे राहतात. दुसऱ्या गिअरमध्ये मूठ गादीच्या चार इंच अलीकडे. टेकूपासून मुठीपर्यंतचे सरळ अंतर बंधूंच्या दांड्याइतकेच, त्यामुळे जोरही तितकाच.

तरी एक माप राहिले होते. अण्णा आत गेले, बाईंशी बराच वेळ काही बोलले आणि त्यांना घेऊन आले. बाई हातातली पर्स मांडीवर ठेवून बसल्या. चेहरा दंतवैद्याकडे बसावे तसा. मी तारेचा दांडा पाचही गिअर आणि रिव्हर्समधून फिरवला. उजवीकडच्या टोकाला, पाचव्यात, त्यांच्या गुडघ्यापासून चार बोटे अंतर उरले. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुन्हा एकदा फिरवायला लावला.

प्रत्यक्ष काम एका सकाळचे. अशी कामे घरी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. दांडा गाडीवर असताना त्याला कधीही तापवू नये. त्याच्या बुडाशी प्लॅस्टिकची वाटी असते, ती वितळली की गिअर खुळखुळ्यासारखे वाजतात. आणि बाक रबरी टोपणाच्या लगेच वर, जितका खाली देता येईल तितका खाली द्यावा. उशिरा दिला तर मूठ पुढे जाते पण मधली सळई आहे तिथेच राहून गादीला भिडते. जावयाने गॅसच्या ज्योतीवर सळई लालबुंद केली, पाइपावर टेकवून तारेच्या नकलेशी ताडत वाकवली, खालच्या पट्टीला चोहोबाजूंनी वेल्डिंग केले. मी फक्त शेजारी उभा राहून थांब, बास, अजून जरा, एवढेच म्हणत होतो. म्हातारपणी टूलरूमवाल्याला याहून मोठा मान नाही.

पितळेची मूठ जुन्या दांड्यावरून काढताना अण्णांनी ती दोन्ही तळव्यांत धरून थोडा वेळ ठेवली. मग स्वतःच नव्या दांड्यावर फिरवून घट्ट केली. इंजिन बंद ठेवून एकेक गिअर टाकून पाहिला. दुसऱ्याला 'खट' असा आवाज आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, तोच गिअर काढून पुन्हा टाकला. मग पुन्हा.

उताराची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. मी जाणार होतो, पण ऐन वेळी बाई डोक्याला रुमाल बांधून आल्या आणि माझ्या जागेवर बसल्या. मी फाटकाशी उभा राहिलो. तासाभराने गाडी परत आली. गिअर निसटला नव्हता. बाई उतरल्या आणि उजव्या हाताने दाराकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "हा हँडल पण कोपराला लागतो. याचंही काही होईल का?"

गेल्या आठवड्यात लेकीच्या फोनवर अण्णांनी गॅरेजचा फोटो पाठवला. बंधूंचा दांडा भिंतीवर टांगला आहे, मुठीच्या जागी लाकडाचे बोंड. जमिनीतली ती चार भोके बुजवावीत असे मी सुचवले होते, कारण पावसात चाकांचे पाणी आत उडते. त्यांनी रबराची बुचे लावली आहेत. वेल्डिंग नको म्हणाले. नातू आत्ताच सहा फुटांवर गेला आहे.